पायथ्याशी थांबा ना, बॉस!

कळसूबाई ‘करून’ आलात? कॉँग्रॅट्स! पण बारी गाव पाहिलंत का? राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराच्या पायथ्याशी अख्खे दोन दिवस घालवता येतात, तेही अजिबात बोअर न होता. आणि आता असं थांबणं ही नुसती हौस राहिलेली नाही, गरज झाली आहे.

शुक्रवारी रात्री साडेदहाला बस सुटते. अर्धे लोक ऑफिसची बॅग घेऊनच आलेले असतात. कसाऱ्यापर्यंत अंताक्षरी, घाट लागला की डुलक्या आणि पहाटे तीनच्या सुमारास कुणीतरी लाइट लावून ओरडतं, ‘चला, बारी आलं!’ मग डोक्याला टॉर्च बांधायचा, पुढच्याच्या बुटांकडे बघत चढायचं, वर थंडीत कुडकुडत सूर्योदयाचे फोटो काढायचे, उतरायचं, पोहे हाणायचे आणि बसमध्ये पुन्हा आडवं व्हायचं. संध्याकाळी घरी. सोमवारी ऑफिसात कॉलर ताठ. ‘काय केलंस वीकेण्डला?’ ‘कळसूबाई केला.’

प्लॅन म्हणून यात वाईट काहीच नाही. फक्त या प्लॅनमध्ये बारी गाव कुठे दिसतं? अंधारात आणि झोपेत. आपल्यासाठी ते एक पार्किंग असतं. फार तर टॉयलेट आणि चहा.

मी ठाण्यात राहते आणि पवईत नोकरी करते, म्हणजे माझा आठवडाही तुमच्यासारखाच एसीत आणि ट्रॅफिकमध्ये जातो. गेली काही वर्षं वेगवेगळ्या मोसमांत या भागात जातेय आणि दरवेळी मुक्काम पायथ्याच्याच एखाद्या घरात टाकतेय. त्यातून झालेलं माझं ठाम मत असं, की शिखर तीन तासांचं आहे आणि पायथा दोन दिवसांचा. आणि पायथा नीट राहिला नाही, तर शिखरावरून बघण्यासारखंही फारसं उरणार नाही.

कळसूची अट

सुरुवात गोष्टीपासून करू. बारीत कुणाच्याही ओसरीवर बसलात की ही गोष्ट ऐकायला मिळतेच. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरमध्येही ती नोंदलेली आहे.

कळसू नावाची कोळ्याची एक पोर. रानात भटकायचं वेड. भटकत भटकत ती डोंगराखालच्या इंदोरे गावात आली आणि एका कुटुंबाकडे कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली, ‘भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही.’ कबूल. बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला नेमकी हीच दोन कामं सांगितली. कळसूने आरडाओरडा केला नाही. काम पूर्ण केलं आणि डोंगराची वाट धरली. वर गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. तिने भांडी घासली ती जागा म्हणजे थाळेमळ आणि ती जिथे राहिली ते शिखर म्हणजे कळसूबाई.

जॉब प्रोफाइलमध्ये नसलेलं काम गळ्यात पडलेल्या प्रत्येकाला ही बाई आपलीशी वाटेल! पण गावाला ती त्याहून जवळची आहे. इथली बरीचशी वस्ती महादेव कोळी समाजाची. नवरात्रात शिखरावरच्या छोट्याशा देवळात यात्रा भरते आणि आजूबाजूच्या गावांतल्या आज्ज्याही लुगड्याचा काचा मारून आपल्यापेक्षा फास्ट वर जातात. मी ज्यांच्याकडे उतरते त्या मावशींना एकदा विचारलं, ‘तुम्ही किती वेळा डोंगर चढलात?’ त्या म्हणाल्या, ‘डोंगर कुठं गं? बाईकडं जातो आम्ही.’

उंची मोजणं हा आपला छंद. त्यांच्यासाठी ते माहेरी जाणं आहे.

शिखर, पण जरा उजाडल्यावर

वर जायचं नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. बारीतून साधारण आठशे-नऊशे मीटरची चढाई आहे. बऱ्यापैकी फिट माणसाला तीन तास पुरतात. वाट मळलेली आहे आणि अवघड कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. दोरखंड वगैरे काही लागत नाही.

फक्त वेळ बदला. शनिवारी पहाटे तीनला चढणाऱ्या गर्दीत शिड्यांवर रांग लागते. पावसाळ्यातल्या वीकेण्डला तर ती दादरच्या जिन्यासारखी होते, फरक इतकाच की इथे खाली प्लॅटफॉर्म नसतो. ओली शिडी, धुकं, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच जागी. यातली मजा मला तरी कळत नाही.

त्यापेक्षा गावात रात्री मस्त झोपा. तांबडं फुटायला निघा. सूर्योदय अर्ध्या वाटेवर गाठा. तिथून तो वरच्याइतकाच देखणा दिसतो आणि समोर कुणाचा सेल्फी स्टिक नसतो. वर पोहोचाल तोवर रात्रीची पलटण उतरलेली असते. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट, दक्षिणेला भंडारदऱ्याचा चकाकणारा जलाशय, त्याच्या पलीकडे रतनगड आणि आणखी लांब हरिश्चंद्रगड. डोंगरांची अशी रोलकॉल शांतपणे घ्यायची गोष्ट आहे.

सोमवार ते गुरुवारात एखादी सुट्टी टाकता आली तर बेस्टच. त्या दिवशी डोंगर जवळजवळ तुमचा एकट्याचा असतो.

भाताचं कॅलेंडर

आता खाली या. ट्रेकवाल्यांच्या माहितीपत्रकात नसलेला भाग इथून सुरू होतो.

या गावांत फिरायचं म्हणजे ‘पॉइंट’ शोधत हिंडायचं नाही, शेतात काय चाललंय ते बघायचं. उन्हाळ्यात गेलात तर भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले काळे चौकोन दिसतील. पालापाचोळा, शेण, गवत जमिनीवर पसरून पेटवायचं आणि पहिल्या पावसाच्या सुमारास तिथे बी टाकायचं. जुलैत आवणी. गुडघाभर चिखलात ओणवं होऊन एकेक काडी लावायची. कुणाच्या शेतात आवणी चालली असेल तर विचारा, ‘दादा, लावू का मी पण?’ बहुतेक ठिकाणी हसून हो म्हणतात. जिममध्ये वर्षभर स्क्वॉट मारणाऱ्या माझ्या एका मित्राने वीस मिनिटांत बांधाचा आधार घेतला होता. शेजारी पासष्टीच्या आजी अख्खं वावर संपवून उठल्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतारावर सोनकी आणि तेरडा. खालच्या वावरांत खुरासणीची पिवळीधम्मक फुलं. वरच्या हलक्या जमिनीवर नागली आणि वरई. नाचणीला इथे नागली म्हणतात, हे लक्षात ठेवा. दिवाळीच्या आसपास भात कापणी आणि मग खळ्यांवर झोडणी. त्या दिवसांत गावभर नव्या तांदळाचा वास असतो. तो कुठल्याही पर्फ्यूमच्या बाटलीत मिळणार नाही.

बियाण्यांवरून आठवलं. देशभर ‘बीजमाता’ म्हणून माहीत असलेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या. गावठी बियाणं जपून त्यांनी घरातच बीजबँक उभी केली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा ताटात येणारा भात ‘लोकल’ आहे का, हे इथे जरूर विचारा. काळभातासारखी जुनी वाणं अजूनही काही घरांत लावली जातात.

जेवणाचं काय? नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खर्डा, वाफाळता भात. पावसाळ्यात गेलात तर रानभाज्या. कुर्डूची भाजी आणि चाईचा मोहर नशिबात असेल तर मिळतो, कारण तो कुणीतरी रानातून खुडून आणलेला असतो. मेन्यू कार्ड नाही. चुलीवर जे शिजलं ते. मे महिन्यात जांभळं आणि करवंदं. पानाच्या द्रोणात, हाताला चीक लागेपर्यंत.

पाणी इथलं, गोडवा तिकडचा

बारीतून पुढे अगदी थोड्या अंतरावर शेंडी. भंडारदरा म्हणून आपण जिथे उतरतो ते गाव हेच. तिथलं विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर. त्या काळात दगड आणि चुन्यात रचलेली ही भिंत शंभर वर्षांची होत आली तरी ठणठणीत उभी आहे. मागचा जलाशय म्हणजे ऑर्थर लेक. पावसाळा सरता सरता धरणातून पाणी सोडलं की ते खालच्या कातळावर छत्रीसारखं पसरतं. तोच अम्ब्रेला फॉल. आणखी पुढे प्रवरा नदी रंधा धबधब्यात सुमारे १७० फूट खाली झेपावते. कठड्याच्या आत राहून बघा. रीलसाठी कठडा ओलांडणाऱ्यांना नदी दुसरा टेक देत नाही.

धरणाच्या भिंतीकडे बघताना एक गोष्ट डोक्यात राहू द्या. हे पाणी प्रवरेतून खाली जातं आणि अहिल्यानगर जिल्ह्यातला ऊस भिजवतं. १९५० मध्ये लोणीला सुरू झालेला पहिला सहकारी साखर कारखाना याच नदीच्या खोऱ्यातला. म्हणजे आपल्या चहातल्या साखरेत इथल्या पावसाचा वाटा असू शकतो. आणि गंमत, खरं तर गंमत नव्हे, म्हणजे इतका धो धो पाऊस पडूनही डोंगराळ वाड्यांमध्ये एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही. पडतं ते सगळं उतारावरून निघून जातं. त्यामुळे उन्हाळ्यात होमस्टेमध्ये बादली भरून ठेवलेली दिसली, तर ती कुणीतरी कुठून तरी आणलेली आहे हे समजून अंघोळ आटपा. शॉवर घरी आहेच.

जलाशयाला वळसा

शेंडीहून जलाशयाभोवती फिरणारा रस्ता ही या भागातली सगळ्यात भारी ड्राइव्ह. चाळीसेक किलोमीटर असेल, पण दिवस सहज जातो. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रान. बाइकवर असाल तर स्वर्ग. फक्त हॉर्नला आराम द्या, हा भाग अभयारण्यात येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं आणि त्याचा पसारा ३६१ चौरस किलोमीटरच्या वर आहे.

पहिला मोठा थांबा रतनवाडी. इथलं अमृतेश्वराचं देऊळ बघितलं की माणूस आपोआप हळू आवाजात बोलायला लागतो. काळ्या दगडातलं कोरीवकाम, वर निमुळतं होत गेलेलं शिखर, जवळच पुष्करणी आणि तिच्या कोनाड्यांमध्ये देवतांच्या मूर्ती. देवळाचं नाव शिलाहार राजा झंज याच्याशी जोडलं जातं. म्हणजे हजारेक वर्षांची गोष्ट! बसून घ्या थोडा वेळ. फोटो नंतर काढा.

देवळामागे रतनगड. प्रवरेचा उगम याच डोंगरात मानतात. वाट दाट झाडीतून जाते, शेवटी शिड्या आहेत आणि माथ्यावर आहे नेढं, म्हणजे सुईच्या नाकासारखं कड्याला पडलेलं आरपार भोक. त्यात बसलं की वारा अक्षरशः आपल्यातून जातो. पूर्ण दिवस हाताशी असेल तरच गड करा. गावातला वाटाड्या घ्या, कारण खालच्या जंगलात वाटा फुटतात.

पुढे साम्रद आणि तिथली सांदण दरी. जमिनीला पडलेली प्रचंड भेग म्हणा ना. दोन्ही बाजूंना शेकडो फुटांच्या भिंती, मधे मोठमोठे धोंडे, सुरुवातीलाच कमरेपर्यंतचं गार पाणी. ‘आशियातली अमुक नंबरची दरी’ अशी बिरुदं तिला चिकटवलेली वाचायला मिळतात. तिला त्यांची काही गरज नाही. थोडं आत जाऊन परत यायचं तर दोर लागत नाही. पार कोकणात उतरायचं असेल तर दोर, अनुभवी मंडळी आणि आख्खा दिवस हवा. पावसाळ्यात मात्र सांदणचं नावसुद्धा काढायचं नाही. अख्ख्या माथ्याचं पाणी त्या फटीतून धावत असतं. एरवीही आभाळ भरून आलं तर सरळ मागे फिरा.

आणि घाटघर. ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात त्याला. कोकणकड्यावर उभं राहिलं की जमीन एकदम संपते आणि खाली कोकण पसरतं. इथे आणखी एक भन्नाट प्रकार आहे, तो म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेला २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प. वर एक धरण, खाली एक धरण. विजेची मागणी जास्त असते तेव्हा पाणी वरून खाली सोडून वीज बनवायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचं. थोडक्यात, डोंगराएवढी रिचार्जेबल बॅटरी!

इतिहासाची आवड असेल तर याच तालुक्यातलं देवगाव हे राघोजी भांगरे यांचं गाव. सावकारी आणि इंग्रजी सत्तेविरुद्ध या डोंगरांच्या आधाराने लढलेल्या राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्या तुरुंगाच्या भिंतीवरून माझी रिक्षा नेहमी जाते. त्या भिंतीमागच्या गोष्टीचं दुसरं टोक मला इथे, जलाशयाच्या काठावर सापडलं.

लाइट बंद करा, प्लीज!

आता मुद्द्याचं बोलू. मे संपता संपता आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इथे काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ. ठरावीक झाडं निवडून हजारोंच्या संख्येने ते लुकलुकतात. कधी कधी अख्खं झाड एका तालात उजळतं आणि विझतं. मग शेजारचं झाड. जणू कुणीतरी स्विचबोर्डवर बसलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या ग्रुपमधली सगळ्यात बडबडी मुलगी दहा मिनिटं एक शब्द बोलली नव्हती.

हा उजेड म्हणजे काय? काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ऑक्सिजन आणि एका एन्झाइमच्या मदतीने त्यातून प्रकाश तयार होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. आणि हा शो आपल्यासाठी नसतो. नर आपली खूण लुकलुकवून मादीला शोधत असतो. आयुष्याचा बहुतेक काळ काजवा अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगायी आणि गांडुळं खात काढतो. पंख फुटल्यावर हातात उरतात दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार सापडला तर पुढचं वर्ष, नाही तर संपलं.

आता त्या दोन-तीन आठवड्यांत आपण काय करतो? रात्री आठला गाड्यांची रांग लावतो. हेडलाइट झाडावर मारतो. मोबाइलचे टॉर्च, फ्लॅश, गाडीतून गाणी. फोटोत काहीच आलं नाही म्हणून झाडाच्या बुंध्यापर्यंत जाऊन पुन्हा फ्लॅश. त्या बुंध्याजवळच्या गवतात माद्या असतात, त्या बुटांखाली जातात. आणि आपल्या एलईडीच्या झोतात नराची ती इवलीशी खूण दिसणार कुणाला? लग्नाच्या हॉलमध्ये वधू-वरांच्या डोळ्यांवरच कुणी फोकस मारून ठेवला तर ते एकमेकांना हार कसे घालणार?

या गर्दीमुळे वनविभागाने अलीकडच्या वर्षांत प्रवेश, वेळ आणि वाहनांवर निर्बंध घातले आहेत. नाक्यावर त्यावरून वाद घालणारे लोक मी पाहिलेत. ‘एवढ्या लांबून आलोय आम्ही!’ अहो, काजवे त्याहून लांबून आलेत. वर्षभर मातीत काढून.

मुरशेतच्या अलीकडे एकदा आम्ही गाडी लांब ठेवून चालत गेलो होतो. बरोबर गावातला एक कॉलेजात शिकणारा मुलगा वाटाड्या. म्हणाला, ‘ताई, टॉर्च खिशात ठेवा. डोळ्यांना पाच मिनटं द्या, मग दिसतंय सगळं.’ खरंच दिसलं. आधी वाट, मग बांध आणि मग झाड. अंधाराला डोळे सरावले की काजव्यांचा उजेड दुप्पट वाटतो. परत येताना तो म्हणाला, ‘तुमच्या गाड्या आल्या की झाड गप होतं. गेल्या की परत सुरू होतं. आमी बसून बघतो ना.’

‘आपण गेल्यावर सुरू होतं’ हे वाक्य डोक्यातून जात नाही. आपण जे बघायला जातो, ते आपण गेल्यामुळेच थांबतं. आणि एखाद्या वर्षी ते सुरूच झालं नाही तर?

पैसा कुठे उतरतो?

हिशेब सोपा आहे. शहरातून निघालेल्या पॅकेजमध्ये बस शहराची, लीडर शहराचा, टीशर्ट शहरात छापलेलं. गावाच्या वाट्याला पोहे, चहा आणि मागे राहिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. शंभर माणसं येऊन गेली तरी गावाच्या खिशात फार काही पडत नाही. मग उरतो एकच मार्ग, गर्दी वाढवणं. आणखी टेण्ट, आणखी लाइट, डीजे. म्हणजे जे विकायचं तेच संपवायचं.

तुम्ही एक रात्र घरात राहिलात की गणित बदलतं. राहण्याचे, दोन जेवणांचे, वाटाड्याचे पैसे थेट हातात पडतात. निघताना दोन किलो गावठी तांदूळ, नागलीचं पीठ घेतलंत तर आणखी. मुख्य म्हणजे जंगल, अंधार आणि शांतता यांना किंमत आहे हे गावाला दिसतं. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीने ग्रामपर्यटनाची ही वाट बरीच आधी धरली. पाहुण्यांनी गावात राहायचं, शेतात हिंडायचं, घरात जेवायचं. ते जमू शकतं, हे तिथे दिसतं.

मावशींचा धाकटा मुलगा मध्ये नाशिकला कंपनीत होता. आता पावसाळ्यात शेती आणि बाकीचे महिने पाहुणे, असं चाललंय. ‘परत जाणार का नाशिकला?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘बघू, पाहुणं राहिलं तर राहू.’ हसत म्हणाला, पण ते वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आपण थांबतो की नाही, यावर त्याचं थांबणं अवलंबून आहे.

तुमचा दोन दिवसांचा प्लॅन

शनिवार : सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणाला बारी. थोडी झोप (हो, झोपसुद्धा प्लॅनमध्ये आहे!). उतरत्या उन्हात शेतांतून चक्कर, धरणावर संध्याकाळ. रात्री चुलीजवळचं जेवण आणि गप्पा. नऊ-साडेनऊला गाव झोपतं, तुम्हीही झोपा.

रविवार : दोनपैकी एकच निवडा. एक तर उजाडताना कळसूबाई आणि दुपारी परत. नाही तर जलाशयाला वळसा घालत अमृतेश्वर, सांदणचं तोंड आणि घाटघर. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. ऑफिसची डेडलाइन इथे नाही.

कधी काय? मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे, जुलै-ऑगस्टमध्ये आवणी आणि धबधबे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शिखर, रतनगड, सांदण आणि चांदण्यांनी गच्च आभाळ. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा फार चमकतात. तेव्हा दुपारनंतर माथ्यावर आणि लोखंडी शिड्यांवर थांबू नका.

कसं जाल? मुंबईहून लोकलने कसारा आणि तिथून जीप किंवा एसटीने घोटीमार्गे बारी. गाडीने आलात तर इगतपुरी-घोटी-बारी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने कसारा घाट टाळता येतो. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता.

कुठे राहाल? बारी, शेंडी, रतनवाडी, साम्रद इथे घरगुती सोय होते. आधी फोन करा आणि माणसं किती, जेवण किती ते नक्की सांगा. ऐन वेळी ‘आम्ही नाही येत’ म्हटलं तर तिथे पीठ मळलेलं असतं.

सॅकमध्ये काय? चांगल्या ग्रिपचे बूट, दोन लिटर पाणी, पातळ जॅकेट, टॉर्च (काजव्यांसमोर खिशात!), रोख पैसे, कारण नेटवर्क कधी असतं कधी नसतं, आणि रिकामी पिशवी. जाताना कचऱ्यासाठी, येताना तांदळासाठी.

आणि हो, कळसू कामाला राहिली तेव्हा तिची अट एका घराने मोडली, म्हणून ती डोंगरावर निघून गेली. या गावांच्या अटी फार नाहीत. आवाज कमी, उजेड कमी, घाई कमी. तेवढ्या पाळल्या तर सगळं जागच्या जागी राहील.